भास्कराचार्यांना हार नको, शंकू उभा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भास्कराचार्यांचे नाव निघाले की खान्देशात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षण आमच्याकडे सापडले.’ पृथ्वी आपल्या शक्तीने जड वस्तू स्वतःकडे ओढते, असे त्यांच्या सिद्धान्तशिरोमणी ग्रंथातल्या गोलाध्यायात आहे, हे खरे. पण ती ओढ अंतरानुसार किती कमी होते याचे गणित तिथे नाही. जे नाही त्याचा डांगोरा पिटण्यापेक्षा जे आहे ते करून पाहावे.

चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि बाजारात येणाऱ्या मालावरचे राजाचे उत्पन्न त्या मठाला लावून दिले गेले, असे त्यात आहे. देणगीचा हा तपशील जुन्या मराठीत आहे. आचार्यांचे गाव विज्जलवीड नेमके कुठले यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. इथे त्यांचे गणित शिकवले जात होते, एवढे आपल्याला पुरे.

शके १०७२ मधल्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीचा परीघ काढायची रीत आहे. दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावे घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढा, मधले अंतर मोजा आणि त्रैराशिक मांडा. प्राचीन ज्योतिषाची मध्यरेषा (शून्य रेखांशाची रेषा) उज्जैनची, आणि जळगाव तिच्यापासून जेमतेम पाव अंश पश्चिमेला. उज्जैन-जळगाव ही जोडी आयती मिळाली आहे.

दोन्ही गावांतल्या शाळांनी २० किंवा २१ मार्चला, म्हणजे दिवस-रात्र समान असणाऱ्या विषुवदिनी, एकाच दिवशी, १२० सें.मी. उंचीचा शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, उभारावा. नुसत्या काठीची सावली घेऊ नका. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे; त्यामुळे टोकाची सावली सव्वा सेंटीमीटरभर फिकट होते, आणि चाळीसगाव व जळगावच्या सावल्यांतला फरकही जवळपास तेवढाच. म्हणून टोकाला पत्र्याची आडवी चकती बसवून तिला ३ मि.मी.चे छिद्र पाडावे. खाली कागदावर उजेडाचा गोल पडतो, त्याचा मध्य धरावा. उंची छिद्रापर्यंतची मोजावी. ओळंबाही छिद्रातूनच सोडावा आणि तो टेकतो तिथून अंतर घ्यावे. बुंध्यापासून मोजले आणि काठी एका अंशाने कलली असली, तर दोन सेंटीमीटर तिथेच गेले. जमीन गवंड्याच्या पाणसळीने तपासावी. शाळेचे पटांगण दिसते तितके सपाट नसते.

घड्याळातल्या बारावर विसंबू नये. त्या दिवशी जळगावची मध्यान्ह १२.३५ च्या आसपास असते. सव्वाबारापासून एकपर्यंत दर तीन मिनिटांनी खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली घ्यावी.

जळगावला ती सुमारे ४६.१ सें.मी. येईल, उज्जैनला ५१.४. सावली भागिले उंची, त्यावरून कोन. दोन कोनांतला फरक, म्हणजेच अक्षांशांतला फरक, २.१७ अंश. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २४० कि.मी. २४० गुणिले ३६० भागिले २.१७ म्हणजे परीघ सुमारे ३९,८०० कि.मी. प्रत्यक्षात तो ४०,००० च्या जवळपास आहे. अंतर नकाशावरून सरळ घ्यावे. सातपुड्यातून वळसे घेत जाणाऱ्या रस्त्याचे किलोमीटर धरले तर पृथ्वी उगाच फुगते. सावलीत एका सेंटीमीटरची चूक झाली तर परीघ साडेसहा ते साडेनऊ हजार कि.मी.ने हुकतो. मुलांनी तो हुकू द्यावा, मग चूक शोधावी.

सप्टेंबरचा विषुवदिनही चालेल, पण तेव्हा आपल्याकडे ढगांचा भरवसा नाही.

आपल्याला एक विनंती. अंकात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतात, त्यांच्या शेजारी मध्यान्हवेळही द्यावी. मात्र जळगाव, धुळे आणि नंदुरबारची वेगवेगळी द्यावी. जळगाव आणि नंदुरबारच्या मध्यान्हीत पाचेक मिनिटांचा फरक पडतो.

– एक वाचक, चाळीसगाव