अक्षरांचं श्रेय फिनिशियनांना द्या

मा. संपादक,
सनविवि.

परवाच्या बालपुरवणीत 'अक्षरं ग्रीकांनी शोधली' असं एका ओळीत छापून आलं आणि माझ्या तिसरीतल्या नातवानं ते वहीत उतरवून पण घेतलं, म्हणून राहवलं नाही, लिहायला बसलो. अहो ग्रीक लोक स्वतःच आपल्या अक्षरांना 'फिनिशियन अक्षरं' म्हणायचे! आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायर, सिडॉन, बिब्लोसचे हे व्यापारी, त्यांची २२ अक्षरं, उजवीकडनं डावीकडं लिहायची. पहिलं अलेफ म्हणजे बैल, दुसरं बेथ म्हणजे घर, त्याचंच पुढं अल्फा-बीटा झालं. बेंदराला आणलेला मातीचा बैल अजून कपाटावर आहे, तो नातवापुढं ठेवला आणि वहीतला इंग्रजी ए उलटा धरला, वर दोन शिंगं, खाली निमुळतं तोंड, पोरगं बघतच राहिलं.

ग्रीकांनी काहीच केलं नाही असं माझं म्हणणं नाही. फिनिशियन लिपीत स्वर नव्हते, म्हणजे नुसतं 'स त र' लिहायचं, आता ते सातारा, सुतार का सतार हे मागचंपुढचं बघून ओळखायचं, मिरजेचा माणूस सतारच वाचणार. ग्रीकांनी आपल्याला न लागणाऱ्या व्यंजनांच्या खुणा घेऊन त्यांचे स्वर केले, काम मोठंच आहे, पण पाया कुणाचा? आणि पूर्वेकडं याच लिपीतनं अरामी निघाली, अरामीवरनं खरोष्ठी, जिच्यात अशोकाचे वायव्येकडचे शिलालेख आहेत. आपल्या देवनागरीची मूळ लिपी ब्राह्मी, तीही अरामीवरनंच निघाली का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे तो असू दे.

फिनिशियनांच्या जहाजांचं तर पुरवणीत नावच नाही. फळ्या खाच-कुसू करून लाकडी खुंट्या ठोकून जोडायचे, रोमन लोक तसल्या सांध्याला यांच्याच नावानं ओळखायचे. रात्री दिशा धरायची ध्रुवमत्स्यावरनं, म्हणजे ध्रुवतारा असलेल्या तारकापुंजावरनं, ग्रीकांनी त्यालाही नाव दिलं फिनिशियन. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहिलंय की इ.स.पू. ६०० च्या सुमारास इजिप्तच्या राजा नेकोनं फिनिशियन खलाशी तांबड्या समुद्रातनं पाठवले, ते दरवर्षी किनाऱ्याला उतरून धान्य पेरायचे, सुगी झाली की पुढं निघायचे, आणि आफ्रिकेला वळसा घालून तिसऱ्या वर्षी परत आले. येऊन म्हणाले, पश्चिमेला जाताना सूर्य उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेला होता. हेरोडोटसला हे पटलं नाही, कारण ग्रीसमध्ये दुपारचा सूर्य कायम दक्षिणेलाच. पण आपल्या सांगलीत मे-जूनला तो थोडा उत्तरेकडं सरकतोच की, मग विषुववृत्ताच्या खाली किती सरकत असेल! त्याला न पटलेली गोष्टच मला त्या खलाशांच्या बाजूची सगळ्यात मोठी साक्ष वाटते.

तर विनंती एवढीच, येत्या रविवारी दुरुस्ती छापा आणि जागा असली तर त्या २२ अक्षरांचा तक्ता पण द्या. अलेफ जरा मोठं छापा, पोरं पेपर फिरवून फिरवून शिंगं शोधतील.

आपला नेहमीचा वाचक,
हरिपूर रोड, सांगली