सहासष्ट हजारांचा कागद: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर टर्निंग-बोअरिंग करून द्यायचं, एवढंच काम. माणसं चौदा. २०१३ साली एका टर्नरला, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराला, मी कामावरून काढलं. ते काढणं चुकीचं होतं, हे आधीच कबूल करतो. नाहीतर मालकाची रड म्हणून हे पत्र बाजूला पडायचं.

तो नऊ वर्षं माझ्याकडे होता. पन्हाळ्याकडच्या त्याच्या गावात उसाला तोड आली म्हणून चार दिवसांसाठी गेला आणि दीड महिन्यानं उगवला. मधे वडील आजारी पडले होते, ते मला नंतर कळलं. तोवर मी मस्टरवरून नाव खोडलं होतं. नोटीस नाही, चौकशी नाही. आला नाही, संपलं. उद्यमनगरात धंदा शिकलेल्या आम्हा बहुतेकांना कायदा एवढाच वाटतो.

कायद्याच्या लेखी नुसतं नाव खोडणं हीसुद्धा कामगार कपातच. तिच्याआधी महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. त्याची हजेरी, म्हणजे रोजचा पगार, तेव्हा ४०० रुपये होती. नऊ वर्षांचे १३५ दिवस, म्हणजे ५४ हजार. नोटिशीचे १२ हजार. एकूण ६६ हजार. हा हिशेब कागदावर मांडलेला मी पहिल्यांदा पाहिला तो चौथ्या वर्षी, वकील बदलल्यावर.

त्याआधी, त्यानं तक्रार केल्यावर, सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे समेटाच्या तीन तारखा होऊन गेल्या होत्या. पहिलीला मीच गेलो नाही, गुर्मीत होतो. दुसरीला साहेब दौऱ्यावर. तिसरीला ‘जमतंय का?’ ‘नाही जमत.’ दहा मिनिटांत आम्ही बाहेर. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं.

एकट्या कामगाराच्या वादाला तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत देऊ नये, असं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं. आमचा अकरा वर्षं चालला. कधी न्यायाधीशांची बदली, कधी स्टेनो नाही, कधी माझेच वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. एकदा तर खुर्ची सलग सात महिने रिकामी होती. तरी आम्ही दोघंही जायचो. न जावं आणि नेमकं त्याच दिवशी कुणी बसलेलं असावं, ही धास्ती. शिपाई दारातच पुढची तारीख सांगायचा. मग गाड्यावर चहा. पहिली दोन वर्षं आम्ही गाड्याच्या दोन टोकांना उभे राहायचो, नंतर एकाच बाकड्यावर बसायला लागलो. एकदा त्यानं विचारलं, “मालक, तीन नंबरची लेथ हाय का अजून?”

“हाय की.”

“तिचा बेड चकाजवळ झिजलाय. लांब जॉबला टेपर येत असंल.”

येत होता, जॉब एका टोकाला निमुळता निघत होता. चार महिने आम्ही ऑपरेटरला शिव्या देत होतो.

बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेणं आणि मागचा पगार देणं हाच सर्वसाधारण नियम, कोर्टात गेलेल्या वेळाचा भुर्दंड त्याच्यावर टाकू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलंय. ते न्याय्यच आहे. पण त्याचा अर्थ असा, की खुर्ची रिकामी असलेल्या त्या सात महिन्यांचा पगारही माझ्या डोक्यावर चढत होता आणि त्याच्या घरात मात्र त्यातला एक रुपया पोचत नव्हता. शेवटी २०२४ मध्ये लोकअदालतीत साडेचार लाखांवर तडजोड झाली. तोवर तो पन्नाशी ओलांडून एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन झाला होता. माझ्याकडे आजही तसा टर्नर नाही.

१७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं तेव्हा आम्हीही पेढे वाटले. सहा जिल्ह्यांची मुंबईवारी वाचली, महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये फाइल उशाला घेऊन झोपणं वाचलं. पण ते वरचं कोर्ट. आमच्यासारख्यांची दमछाक खालीच होते.

आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात बडतर्फीचा वाद न्यायाधिकरणाच्या दोन सदस्यांपुढे चालायचा आहे, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय. एक खुर्ची भरताना काय होतं ते मी पाहिलंय, आता दोन भराव्या लागणार. कामगारानं तक्रार घेऊन यायची मुदत मात्र तीन वर्षांवरून दोनवर आणली. घाई करायची ती त्यानंच, असं दिसतं. ही न्यायाधिकरणं नेमणं राज्याच्या हातात आहे. तेव्हा कोल्हापूरसाठीचे दोन्ही सदस्य इथेच बसतील आणि एकाची मुदत संपण्याआधी पुढच्याचं नाव निघालेलं असेल, एवढं बघा.

पण त्याहून माझी मागणी साधी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. समेटाच्या पहिल्याच बैठकीत तुमच्या अधिकाऱ्यानं एक कागद दोघांपुढे ठेवावा. नोकरीची वर्षं, हजेरी, कायद्यानं किमान देणं किती, आणि वाद पाच वर्षं चालला तर ते कुठे जाऊ शकतं. कोण बरोबर, कोण चूक हे त्यानं ठरवायचं नाही, फक्त आकडा मांडायचा. २०१३ मध्ये तो आकडा समोर आला असता तर मी कुरकुरत का होईना, चेक फाडला असता. कदाचित दीड महिन्याची गैरहजेरी पोटात घालून त्याला परतच घेतलं असतं. ६६ हजार मोजण्यापेक्षा ते स्वस्त होतं.

आमच्या वकिलांनी केलेला तो कागद माझ्या फाइलमध्ये आहे. नमुना म्हणून हवा असेल तर झेरॉक्स पाठवतो. एका पानात बसतो.

आपला,
शिरोलीतला एक मशीनशॉपवाला