दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांबद्दल

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

चित्रपट रसास्वादाच्या वर्गात तुम्ही इतके चित्रपट उलगडून दाखवलेत की त्यांपैकी एकाच चित्रपटासाठी वेगळे आभारपत्र लिहिणे तुम्हाला कदाचित विचित्र वाटेल. परंतु सैतानाने झपाटलेल्या एका मुलीची गोष्ट सांगणारा ‘द एक्झॉर्सिस्ट’ मला जसा भेटला तसा तो तुमच्यावाचून भेटला नसता. हे पत्र खासगी न ठेवता उघडपणे लिहीत आहे, कारण हा चित्रपट भीतीपोटी अर्ध्यावर सोडून दिलेले माझ्यासारखे प्रेक्षक पुष्कळ असतील आणि तुम्ही मला केलेली मदत त्यांच्याही उपयोगाची आहे.

मी तुमच्याकडे आले होते ती सवलत मागायला. हा चित्रपट मला पाहवत नाही, निबंधासाठी दुसरा द्या, एवढेच माझे म्हणणे होते. तुम्ही मला धीर दिला नाहीत आणि हसलाही नाहीत. ‘त्या मुलीच्या खोलीत काय चालले आहे ते या वेळी पाहू नकोस, खोलीच्या दाराबाहेर कोण उभे आहे ते पाहा,’ असे तुम्ही म्हणालात आणि त्यातूनही जमले नाही तर खुशाल दुसरा चित्रपट घे, अशी मुभाही दिलीत. ती मुभा मिळाली म्हणूनच मी तो पुन्हा पाहायला बसले, हे तुम्हाला तेव्हा सांगायचे राहून गेले.

दाराबाहेर सर्वांत आधी आई उभी आहे. एलन बर्स्टिन यांनी साकारलेली ख्रिस मॅकनील ही स्वतः अभिनेत्री आहे, देवाधर्माशी तिचे काही देणेघेणे नाही आणि वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातल्या भाड्याच्या घरात माळ्यावर आवाज येतो तेव्हा तिला पहिल्यांदा सुचतात ते उंदीर. तिच्या बारा वर्षांच्या मुलीचे, रीगनचे, वागणे बिघडू लागते तेव्हा ही आई कोणत्याही मंत्रतंत्राकडे धावत नाही. ती दवाखान्यात जाते, औषधे घेते, मेंदूच्या एखाद्या भागात दोष असेल हे डॉक्टरांचे म्हणणे मान्य करते आणि मुलीला एकामागून एक तपासण्यांच्या स्वाधीन करते. त्यांतला, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्यासाठी मानेत सुई घालण्याचा प्रसंग तुम्ही आम्हाला मुद्दाम सलग दाखवलात. तिथे सैतानाचा मागमूस नाही. पांढरे कपडे घातलेली सभ्य माणसे आहेत, यंत्राचा कानठळ्या बसवणारा खडखडाट आहे, टेबलावर बांधलेले एक मूल आहे आणि मानेतून उसळणारे रक्त आहे. 1973च्या डिसेंबरात चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाल्यावर चित्रपटगृहांत माणसे भोवळ येऊन पडल्याच्या ज्या कहाण्या पसरल्या, त्यांत या प्रसंगाचा वाटा मोठा होता, हे तुमच्याकडून ऐकेपर्यंत मला वाटत असे की लोक रीगनच्या त्या पूर्ण मागे फिरणाऱ्या मानेलाच घाबरले असणार.

पुढे ख्रिस चिडून अठ्ठ्याऐंशी डॉक्टरांचा हिशेब मांडते आणि त्यानंतर सैतान उतरवण्याच्या विधीचा विषय पहिल्यांदा निघतो तो डॉक्टरांच्याच तोंडून. आपल्याला झपाटले आहे अशी रुग्णाची समजूत असेल, तर सैतान उतरवल्याच्या समजुतीनेच तिला बरे वाटू शकेल, असा तो निव्वळ मानसशास्त्रीय सल्ला असतो. पटकथेतली ही चाल मला आजही अजोड वाटते. विज्ञान हात टेकते, पण टेकतानाही विज्ञानाचीच भाषा बोलते आणि त्यामुळे प्रेक्षकाला सुटकेची एकही वाट उरत नाही.

दुसरा माणूस फादर कॅरस. ती भूमिका करणारे जेसन मिलर हे मूळचे नाटककार आणि याच 1973 साली त्यांना नाटकासाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला होता. कदाचित म्हणूनच त्यांच्या चेहऱ्यावर नटाच्या सफाईपेक्षा झोप न झालेल्या माणसाचा थकवा अधिक दिसतो. कॅरस धर्मगुरू आहे, मानसोपचारतज्ज्ञ आहे, स्वतःच्या श्रद्धेबद्दल साशंक आहे आणि न्यूयॉर्कमध्ये एकटीच मरण पावलेल्या आईचा अपराधभाव घेऊन वावरतो. तो खोलीत जातो तेदेखील तपासायला. पवित्र जल म्हणून तो साधे नळाचे पाणी शिंपडतो आणि आतली ती शक्ती किंचाळते, म्हणजे पुरावा खोटा ठरतो. अगम्य भाषा म्हणून ध्वनिफितीवर टिपलेले बोलणे उलटे फिरवल्यावर साधे इंग्रजी निघते. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन आणि मूळ कादंबरीचे लेखक, पटकथाकार व निर्माते विल्यम पीटर ब्लॅटी यांनी शंकेला शेवटपर्यंत घरात जागा दिली आहे. भुताखेतांच्या चित्रपटांत सहसा शंका घेणारा मूर्ख ठरतो. इथे शंका घेणारा सर्वांत शहाणा आहे आणि तरी त्याच्या शहाणपणाला त्या मुलीला वाचवता येत नाही. तुम्ही वर्गात यावर जवळपास पूर्ण तास घालवलात, तो उगीच नव्हे.

आणि तिसरा, विधी करायला आलेला वृद्ध धर्मगुरू फादर मेरिन. या चित्रपटाची जी प्रतिमा जगभर ओळखली जाते तिच्यात रीगन नाहीच. रस्त्यावरच्या दिव्याखाली, वरच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात, हातात बॅग घेऊन घराबाहेर थांबलेला एक वृद्ध आहे. ‘भित्तिपत्रकावरचा माणूससुद्धा दाराबाहेरच उभा आहे,’ हे तुम्ही सांगेपर्यंत ते माझ्या लक्षात आले नव्हते. चित्रकार रने माग्रित यांच्या, वर दिवसाचे आकाश आणि खाली रात्रीचे घर असलेल्या चित्रांवरून ही चौकट सुचली, हेही तुम्हीच दाखवलेत. त्या वेळी मेरिन साकारणारे मॅक्स फॉन सिडो जेमतेम चाळिशीत होते. त्यांचे म्हातारपण हे रंगभूषाकार डिक स्मिथ यांचे काम होते. रीगनच्या चेहऱ्यावरच्या जखमांबद्दल सगळे बोलतात, पण मला स्मिथ यांची थोरवी त्या वार्धक्यात दिसते, कारण ती रंगभूषा आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

आता त्या मदतीबद्दल, जिच्यासाठी मी सर्वाधिक ऋणी आहे. विधीच्या प्रसंगात तुम्ही आम्हाला डोळे मिटायला सांगितलेत. भित्र्या मुलीला पळवाट मिळाली असे मला वाटले, आणि मग ध्यानात आले की डोळे मिटल्यावर चित्रपट अधिक जवळ येतो. रीगनच्या तोंडून येणारा सैतानाचा तो आवाज रीगन साकारणाऱ्या लिंडा ब्लेअर यांचा नाही, मर्सिडीज मॅककेम्ब्रिज यांचा आहे. ऑस्कर मिळवलेल्या या ज्येष्ठ अभिनेत्रीने कच्ची अंडी गिळून, सिगारेटी ओढून, स्वतःला खुर्चीला बांधून घेऊन तो आवाज काढला; आणि प्रदर्शनाच्या वेळी श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. ते त्यांना भांडून मिळवावे लागले. मान वळतानाची ती करकर म्हणजे मेक्सिकोचे ध्वनिकलाकार गोन्झालो गाविरा यांनी माइकजवळ पिरगळलेले एक जुने चामड्याचे पाकीट. लालो शिफ्रिन यांचे संगीत फ्रीडकिन यांनी नाकारले, माइक ओल्डफिल्ड यांची ती सुप्रसिद्ध धून मोजक्याच क्षणांपुरती ठेवली, आणि पुष्कळदा नुसते घर ऐकू दिले. दहा नामांकनांपैकी चित्रपटाला दोनच ऑस्कर मिळाले, रूपांतरित पटकथेचे आणि ध्वनीचे; माझ्या मते परीक्षकांनी नेमकी नस ओळखली होती.

हे सगळे कळल्यावर भीती कमी होईल, असा माझा अंदाज होता. ती मुळीच कमी झाली नाही, फक्त तिचे ठिकाण बदलले. रीगनच्या पोटावर आतून उमटणारी मदतीची याचना कशी घडवली हे मला आता ठाऊक आहे: रबराच्या पोटावर रसायनाने अक्षरे फुगवली, गरम हवेने ती बसवली आणि ते चित्रण उलटे चालवले. तरीही ती अक्षरे दिसली की मी त्या मुलीचा विचार करते, रसायनाचा नाही. ब्लॅटी जॉर्जटाउन विद्यापीठात विद्यार्थी असताना 1949 साली मेरीलँडमधल्या एका मुलावर झालेल्या विधीची बातमी वाचून त्यांच्या मनात हा विषय रुजला. त्या बातमीतले खरेखोटे काहीही असो, लेखकाने तिच्यातून उचलले ते एका मुलाचे हाल.

एका बाबतीत तुमचा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटला. श्वासाची वाफ दिसावी म्हणून शयनगृहाचा सेट गोठणबिंदूखाली थंड केला होता आणि पातळ झग्यातली एक लहान मुलगी तिथे काम करत होती. दोरीने ओढल्यावर आपटलेल्या बर्स्टिन यांच्या पाठीला खरी दुखापत झाली आणि त्यांची ती किंकाळी चित्रपटात ठेवली गेली. चाहते मंडळी असे किस्से कौतुकाने सांगतात, मीही सांगत असे. चित्रपट थोर निघाला म्हणून ती वागणूक थोर ठरत नाही, हे तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात. त्यानंतर मी या चित्रपटावर तितकेच प्रेम करते, पण ते किस्से रंगवून सांगत नाही.

शेवटच्या उडीबद्दल मात्र मला स्वतःचे काही सांगायचे आहे. कॅरस त्या शक्तीला आपल्या अंगात यायला सांगतो आणि खिडकीतून झेपावतो. तो ज्या पंच्याहत्तर पायऱ्यांवरून खाली कोसळतो, त्या आजही जॉर्जटाउनमध्ये आहेत. 2015 साली तिथे अधिकृत फलकही लागला. मूळ घर पायऱ्यांपासून दूर होते म्हणून चित्रीकरणासाठी त्याला खोटा भाग जोडावा लागला, म्हणजे ती खिडकी मुळात अस्तित्वातच नव्हती. मला हे फार आवडते. जो माणूस सगळा चित्रपटभर दाराशी थांबून पुरावे तपासत होता, त्याला बाहेर पडण्यासाठी चित्रपटाने एक खिडकी बांधून दिली.

आपला जुना वाद अजून मिटलेला नाही. 2000 सालच्या वाढीव आवृत्तीत रीगन पाठीवर वाकून, हातापायांवर जिना उतरते तो प्रसंग परत आला. त्यात चमत्कृती आहे, पण तो त्या घराच्या संयमाला शोभत नाही, यावर आपले एकमत आहे. जिन्यावर बसलेल्या दोघा धर्मगुरूंचा संवादही परत आला. ही मुलगीच का, या प्रश्नावर मेरिन सांगतात की हे सारे पाहणाऱ्यांसाठी चालले आहे, आपण स्वतःला हीन समजावे आणि आपल्यावर देव प्रेम करू शकेल हे नाकारावे यासाठी. फ्रीडकिन यांनी तो 1973मध्ये कापला होता आणि ब्लॅटी यांना तो हवा होता. तुमच्या मते तो उघडउघड शिकवणी घेतो. माझ्या मते तो दाराबाहेरच्या माणसांना उद्देशून आहे, आणि तुम्हीच मला त्यांच्याकडे पाहायला लावल्यामुळे त्याच्या बाजूने बोलणे मला भागच आहे. यावर तुमचे उत्तर येईल अशी आशा आहे. ते खरमरीत असले तरी चालेल.

प्रकृतीस जपावे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी