सूचना: पॅनेलमधली अपग्रेडची यादी तपासून घ्या

मुंबई गटातल्या सर्व सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी.

वेबमिनमध्ये (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं पॅनेल) अपग्रेड बाकी दिसतात आणि टर्मिनलवर एकही नाही, अशी तक्रार वारंवार येते. बहुतेक वेळा पॅनेल साठवलेली जुनी यादी दाखवत असतं. डेबियन-उबुंटूवर पॅकेजेस ॲप्ट सांभाळतं, म्हणून तिथे आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवा. त्यात ‘फेल्ड टू फेच’ दिसलं तर तिथेच थांबा. ॲप्ट त्या रिपॉझिटरीची (पॅकेजेस जिथून येतात त्या साठ्याची) जुनी सूची धरून पुढे जातं आणि आकडे चुकतात. मग ‘ॲप्ट लिस्ट --अपग्रेडेबल’ पाहा, नंतरच पॅनेल रिफ्रेश करा.

तरी फरक राहिला तर ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ चालवा. होल्डवरचं, म्हणजे मुद्दाम रोखून ठेवलेलं, पॅकेज यादीत दिसतं, पण चढत नाही.

उबुंटूची वेगळीच गोम. 21.04 आवृत्तीपासून ॲप्ट टप्प्याटप्प्याचे अपडेट पाळतं, म्हणजे नवं पॅकेज सगळ्या मशीनना एकदम मिळत नाही. कोणाची पाळी कधी, हे मशीन-आयडीवरून (प्रत्येक मशीनचा वेगळा ओळख क्रमांक) ठरतं. म्हणून अंधेरीच्या सर्व्हरवर चढलेलं पॅकेज ठाण्यात अडतं. ‘ॲप्ट-कॅशे पॉलिसी’पुढे पॅकेजचं नाव दिलं की ते किती टक्के मशीनसाठी खुलं झालंय ते दिसतं. हा बिघाड नव्हे, उगाच जबरदस्ती करू नका.

रेडहॅटवाल्यांनी (तिथे ॲप्टऐवजी डीएनएफ असतं) ‘डीएनएफ चेक-अपडेट --रिफ्रेश’ वापरावं. एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) 100 म्हणजे अपडेट उपलब्ध. स्क्रिप्ट त्याला एरर समजतात.

गटात विचारताना पॅनेलचा स्क्रीनशॉट एकटा नको, टर्मिनलचं आउटपुटही टाका.