कुलूप लावलं, कॉक उघडाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त दूर असतो. त्याच्या बंद घराच्या किल्ल्या माझ्याकडे. महिन्या-दोन महिन्यांनी जायचं, खिडक्या उघडायच्या, केर काढायचा आणि परत यायचं. मागच्या खेपेला बेडरूमचं कपाट उघडलं तर कुबट वास आला. कपाट सरकवलं, मागे भिंतीचे पोपडे सुटलेले आणि कडेला मिठासारखा पांढरा लोणा. पाऊस संपून बरेच महिने झाले होते.

रंगारी म्हणाला, खरवडून वॉटरप्रूफिंग मारू. मी हो म्हणणारच होतो. प्लंबरने मात्र भिंतीकडे पाहिलंही नाही, तो थेट मीटरपाशी गेला. रात्री नऊला आकडा लिहून ठेवला, सकाळी नऊला पुन्हा पाहिला. माणूस नसलेल्या घराने ६४ लिटर पाणी पिऊन टाकलं होतं!

मीटरच्या तबकडीवर चांदणीसारखं एक चिमुकलं चाक असतं. सगळे नळ बंद असताना ते फिरत असेल, तर पाणी कुठेतरी जातंय. आमचं फिरत होतं. फ्लशच्या टाकीत थोडी निळी शाई टाकली. पंधरा मिनिटांत, फ्लश न करताच, भांड्यात निळी रेघ उतरली. टाकीतला रबर वाळून कडक झाला होता. टाकीचा कॉक बंद केला, तशी चांदणी मंदावली, पण थांबली नाही. म्हणजे चोर दोन होते. दुसरा सापडला बाथरूमच्या भिंतीत, एल्बोला (पाइप वळतो तिथल्या जोडाला) केसाएवढी चीर, ओलीपासून दोन हात लांब. पाणी पाइपाच्या कडेकडेने सरकत जाऊन वाट मिळेल तिथे फुटतं. डागावर फरशी फोडणारे म्हणूनच फसतात.

मेन कॉक बंद करायला गेलो तर तोही वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम. आता चौथाई फेरीत बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवलाय आणि दर खेपेला तो एकदा फिरवतो. ज्यांच्याकडे गच्चीवर टाकी आहे त्यांना मीटरवरून टाकीच्या पुढची गळती लगेच कळणार नाही. त्यांनी टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावी. ओल स्विचबोर्डाजवळ असेल तर आधी वीज बंद, मग बाकीचं.

माझी तक्रार वेगळीच आहे. त्या घराचा मीटर या काळात नियमित वाचला गेला, बिलंही निघाली. बिल भावाच्या खात्यातून आपोआप कापलं जायचं, त्यामुळे त्याने आकडा पाहिलाच नाही (त्याला त्याबद्दल ऐकवून झालंय). पण मीटर वाचणाऱ्याला दार दर वेळी बंद दिसत होतं आणि वापर चालू दिसत होता. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. घर बंद असूनही आकडा वाढत असेल तर बिलावर ‘गळती तपासा’ एवढे दोन शब्द छापायला काय हरकत आहे? पाणीपुरवठा खात्यांनी हे करावं, आणि नवी घरं बांधणाऱ्यांनी प्रत्येक घराचा कॉक दाराबाहेर, हाताला लागेल असा द्यावा. आमच्या मजल्यावर तो डक्टमध्ये आहे; तिथे पोचायला शेजाऱ्यांच्या बाथरूमच्या खिडकीतून वाकावं लागतं.

आपला,
किल्ल्या सांभाळणारा एक वाचक