अफगाण चर्चची फरशीही पाहा

संपादक महाशय,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कुलाब्याच्या अफगाण चर्चवर पान आलं होतं. सुळक्याचा फोटो ऐसपैस, मजकुरात पहिलं अफगाण युद्ध (त्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थच हे चर्च बांधलं) आणि ‘भव्य गॉथिक वास्तू’. आतल्या सामानाचा उल्लेख जाता जाता. मी लालबागचा. उभा जन्म मोझेकच्या लाद्या बसवण्यात आणि घासण्यात गेला, त्यामुळे कुठेही शिरलो की नजर आधी पायाखाली जाते. तेवढ्यापुरतं माझं ऐकून घ्या.

वास्तू हेन्री कॉनिबेअरची. त्याच्याआधी ऑक्सफर्डच्या डेरिक नावाच्या वास्तुकाराचा आराखडा आला होता, तो खर्चाला परवडेना म्हणून मागे पडला. कॉनिबेअर पेशाने इंजिनिअर. विहार तलावाच्या योजनेतही त्याचंच नाव येतं, म्हणजे मुंबईने त्याचं पाणीही प्यायलंय. पायाभरणी १८४७ची, चर्च खुलं झालं जानेवारी १८५८मध्ये आणि सुळका पुरा व्हायला १८६५ उजाडलं. भिंतींना कुर्ल्याचा दगड, खांब-कमानींना पोरबंदरी, छत सागवानी. इथवर सगळं आपल्या ओळखीचं.

आतलं काम मात्र दुसऱ्याच डोक्यातून आलेलं आहे. वेदीमागची नक्षीदार भिंत, वेदीच्या भागापुढची लोखंडी जाळी, बाकं, फरशीच्या लाद्या, या सगळ्याचे नमुने विल्यम बटरफिल्डचे. लंडनला मार्गारेट स्ट्रीटवरचं ऑल सेंट्स चर्च बांधणारा तोच हा. रंगीत वीट आणि लादी हे त्याचं वेड. मोठ्या खिडक्यांच्या रंगीत काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या.

हे सामान हौसेने मागाहून आणून मांडलेलं नाही, हे वाचकांना सांगायला हवं होतं. १८३९मध्ये केंब्रिजच्या काही तरुणांनी एक मंडळ काढलं आणि चर्च कसं असावं याचा जणू फतवाच काढला. अफगाण चर्च त्याच विचारातून उभं राहिलं. वेदीचा भाग खोल आणि वेगळा हवा, बसायच्या जागेतून वेदी दिसली पाहिजे, श्रीमंतांनी भाड्याने घेतलेली, दारं लावलेली बसायची खोकी नकोत, सगळ्यांना सारखी उघडी बाकं हवीत. फरशीसुद्धा लोकांच्या पायाखाली साधी आणि वेदीकडे पायरी-पायरीने भरजरी होत गेलेली. म्हणजे भिंती आणि फरशी हा एकच नकाशा आहे. त्यातली लादी बदलली की नकाशा बदलला.

वेदीच्या भागातल्या भिंतींवर युद्धात गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. शिपायांबद्दल एवढंच की ते इतके होते की नावं लिहिणं शक्य नाही. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत कोकणातली आणि देशावरची किती पोरं होती! असो, तो विषय वेगळ्या पत्राचा.

आता माझ्या धंद्याचं. मोझेक म्हणजे सिमेंटात संगमरवराची खडी. त्यावर मशीन मारा, खडबडीत दगडापासून बारीक दगडापर्यंत घासत या, शेवटी ऑक्झॅलिक पावडर टाका, झकास चमकते. कारण तिचा खडीचा थर जाड असतो, घासला तरी खाली तेच निघतं. व्हिक्टोरियन लादी तशी नसते. ती भट्टीत भाजलेली माती. काही लाद्या एकरंगी, तुकडे जुळवून नक्षी केलेल्या. काहींत साच्याने खोलगट नक्षी दाबून तिच्यात दुसऱ्या रंगाची माती भरलेली असते, तीही जेमतेम काही मिलिमीटर. भाजल्यावर वर जो घट्ट थर बसतो तोच तिचा जीव. मशीनने तो उडाला की खालची माती पाणी पिते, धूळ पिते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत काळवंडते. ॲसिडने धुतली तर सांध्यातला चुना-सिमेंट खाल्ला जातो आणि क्षार आत मुरतो. कुलाब्याच्या हवेत खारेपणा काय कमी आहे?

उपनगरातल्या एका जुन्या चर्चमध्ये हे घडताना मी पाहिलंय. चर्चचं नाव सांगत नाही, त्यांनी वर्गणी काढून श्रद्धेनेच काम केलं होतं. ठेकेदाराने दोन दिवस मशीन फिरवलं, लाद्या मळकट दिसू लागल्या, मग ‘आता जाणारच आहेत’ म्हणून मधल्या वाटेवर चकचकीत व्हिट्रिफाइड बसवल्या. जुन्या लाद्या डेब्रिजच्या ट्रकमध्ये गेल्या. मी विचारलं तर चर्चवाले म्हणाले, भिंतींना तर कोणी हात लावला नाही ना?

म्हणून आपल्यासारख्या वृत्तपत्राने जुन्या चर्चवर, देवळावर, अग्यारीवर पान काढताना सुळका-कळसाबरोबर फरशी, बाकं आणि जाळ्या यांचेही फोटो छापावेत, करणाऱ्याचं नाव माहीत असेल तर तेही. चर्चवाल्यांनीही प्रत्येक वस्तूचा फोटो आणि माप एका वहीत उतरवून ठेवावं. यासाठी तज्ज्ञ लागत नाही, टेप आणि मोबाइल पुरतो. फुटकी लादी फेकू नये, तुकडे गोणीत भरून जिन्याखाली ठेवावेत. दुरुस्तीला रंग आणि जाडी त्यांच्यावरूनच जुळवता येते. पुसायला मऊ फडकं आणि साधं पाणी, तेही नीट पिळून. आणि कोणी घासकामवाला ‘नवीन करून देतो साहेब’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. मी स्वतः त्यांच्यातलाच आहे, म्हणून सांगतो.

आपला,
एक निवृत्त लादी-कारागीर, लालबाग, मुंबई