संमतिपत्रासाठी अर्धा तास

संपादक महोदय,

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनी रक्तदाब तपासणीची शिबिरे भरतात; पण ज्या गोळ्यांनी आपला रक्तदाब आटोक्यात राहतो, त्या आधी कुणीतरी स्वतःवर आजमावू दिल्या, याची आठवण क्वचितच निघते. माझ्या वडिलांनी हृदयविकाराच्या एका औषधचाचणीत नाव नोंदवले, तेव्हा शेजारी ‘प्रयोगाचा उंदीर’ म्हणून हसले. औषधचाचण्यांसाठीच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार, सहभागींची सुरक्षितता व हक्क जपणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी सक्तीची आहे, चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळतात, हे तेथील समन्वयक ताईंनी मराठी संमतिपत्रावर ओळीओळीला बोट ठेवून अर्धा तास समजावले. (वडिलांनी चष्मा पुसून दोनदा वाचले, मगच सही केली.) चालू चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही मात्र इंग्रजीत आहे, तिची माहिती जिल्हा रुग्णालयांच्या फलकावर मराठीत लावावी, ही विनंती.

— एक वाचक, सातारा